घटना, शोकांतिका की पुनरावृत्ती?
बर्मिंगहॅममधील देवीच्या अखेरच्या बळीविषयी एक अहवाल आणि एक पुस्तक

देवीच्या रोगाने जगात घेतलेला अखेरचा बळी बर्मिंगहॅममधला आहे, हे सांगितले की आपल्या मंडळींना चटकन खरे वाटत नाही. आपल्या मनात देवी म्हणजे शीतलादेवीचा थंड नैवेद्य, पणजीच्या चेहऱ्यावरचे व्रण आणि वडीलधाऱ्यांच्या दंडावरचा लशीचा नाण्याएवढा डाग. हा रोग दारिद्र्याचा, दाटीवाटीचा, आपल्याकडचा, अशी आपलीही समजूत आणि इंग्रजांचीही. प्रत्यक्षात त्याने शेवटचा जीव घेतला तो इथल्या एका नामवंत विद्यापीठाच्या वैद्यकीय शाळेतल्या एका बाईचा, आणि तोही निसर्गातून रोग नाहीसा झाल्यानंतर.

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ विचारू नये, असे आपण म्हणतो. साथीचे मूळ मात्र विचारावेच लागते, कारण ते सापडले नाही तर तीच साथ पुन्हा दारात उभी राहते. कोविडनंतर हा प्रश्न घरोघरी पोचला आहे. आपल्या मंडळाच्या जेवणावळीतसुद्धा 'वुहानचा बाजार की वुहानची प्रयोगशाळा' यावर श्रीखंड बाजूला ठेवून हमरीतुमरी झालेली मी पाहिली आहे. त्या वादात आज शिरायचे नाही. त्यापेक्षा ज्या प्रकरणाची चौकशी झाली, खटला चालला, अहवाल छापला गेला आणि ज्यावर पुढे पुस्तकही आले, असे जवळचे प्रकरण नीट वाचून पाहावे, म्हणजे 'मूळ शोधणे' म्हणजे काय हे तरी कळेल, असा माझा हेतू आहे.

माझ्या नावाआधी डॉक्टर लागते, पण ते अभियांत्रिकीचे. ताप आला तर मीही तुमच्यासारखाच जी.पी.ची वेळ मागत बसतो. पोटासाठी मी सॉफ्टवेअर लिहितो. बिघडलेल्या यंत्रणेचा बिघाड कुठून सुरू झाला हे मागे मागे जात शोधणे, हे माझे रोजचे काम. डॉक्टरेटसाठी मी नळ्यांमधून वाहणाऱ्या हवेच्या गणितात काही वर्षे घालवली. या दोन्ही गोष्टींचा या प्रकरणाशी कसा संबंध येतो ते पुढे दिसेलच.

आधी हकीकत. निसर्गतः देवी झालेला जगातला शेवटचा रोगी सोमालियातील मेर्का गावचा अली माओ मालिन. त्याला ऑक्टोबर १९७७मध्ये पुरळ उठले आणि तो बरा झाला. त्यानंतर हा विषाणू उरला होता तो फक्त काही प्रयोगशाळांच्या शीतपेट्यांत. त्यांपैकी एक बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या वैद्यकीय शाळेत होती. तिचे प्रमुख प्राध्यापक हेन्री बेडसन, या विषयातले जगन्मान्य नाव. जागतिक आरोग्य संघटनेला अशा प्रयोगशाळा कमीत कमी करायच्या होत्या, त्यामुळे ही प्रयोगशाळा १९७८च्या अखेरीस बंद व्हायची होती.

याच इमारतीत वरच्या मजल्यावर शरीररचनाशास्त्र विभागात जॅनेट पार्कर या चाळीस वर्षांच्या वैद्यकीय छायाचित्रकार काम करीत. देवीच्या कामाशी त्यांचा काडीचाही संबंध नव्हता. ११ ऑगस्ट १९७८ रोजी त्यांना बरे वाटेनासे झाले. अंगदुखी, डोकेदुखी, मग पुरळ. देवी तर जगातून गेलेली, तेव्हा तिचे नाव कुणाच्या मनात येणार? २४ ऑगस्टला त्यांना ईस्ट बर्मिंगहॅम रुग्णालयात दाखल केले आणि तिथे प्राध्यापक अ‍ॅलस्डेअर गेडिस यांना शंका आली. पुरळातील द्रवाचा नमुना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासला गेला, आणि तो पाहणाऱ्यांत स्वतः बेडसन होते. आपल्याच खालच्या मजल्यावरचा विषाणू त्यांना त्या पडद्यावर दिसला. त्या क्षणी त्या माणसाच्या मनात काय झाले असेल, याची कल्पना न केलेली बरी.

पार्करबाईंना सॉलिहलजवळच्या कॅथरिन-डी-बार्न्स येथील संसर्गजन्य रोगांच्या रुग्णालयात हलवले. संपर्कात आलेल्या शेकडो लोकांना लस टोचली, अनेकांना अलग ठेवले. ५ सप्टेंबरला त्यांचे वडील, तिथेच देखरेखीखाली असताना, हृदय बंद पडून गेले. ६ तारखेला बेडसन यांनी घरी स्वतःला जखमी करून घेतले आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. ७ तारखेलाच पार्करबाईंच्या आईला देवीची लक्षणे दिसू लागली. त्या सुदैवाने वाचल्या. ११ सप्टेंबरला जॅनेट पार्कर गेल्या. एका महिन्यात एका घरातली दोन आणि दुसऱ्या घरातले एक माणूस. रोग तिथेच थांबला, याचे श्रेय गेडिस आणि शहराच्या आरोग्यखात्याला द्यायलाच हवे.

हे का झाले याची चौकशी प्राध्यापक रेजिनल्ड शूटर यांच्या समितीकडे सोपवली गेली. अहवाल तयार झाला, पण त्याच सुमारास विद्यापीठावर खटला भरला जात होता, म्हणून शासनाने तो दाबून ठेवला. जानेवारी १९७९मध्ये कामगार संघटनेचे नेते क्लाइव्ह जेन्किन्स यांनी तो वर्तमानपत्रांना दिला. अधिकृतरीत्या तो जुलै १९८०मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे त्याच वर्षी मे महिन्यात जिनिव्हात देवीमुक्त जगाची घोषणा झाली आणि दोनच महिन्यांनी हा अहवाल बाहेर आला. मुहूर्त कुणाला साधतो, कुणाला साधत नाही.

अहवालाच्या शीर्षकातच समीक्षकाला अडखळायला लावणारे दोन शब्द आहेत. १९७८च्या बर्मिंगहॅम येथील देवीच्या 'घटने'च्या 'कारणा'चा शोध, असे ते शीर्षक आहे. साथ म्हणावी तर रोगी दोनच, म्हणून 'घटना', इथवर ठीक. 'कारण' मात्र एकवचनी आहे. एक घटना, तिचे एक कारण, ते शोधून काढले की काम संपले, अशी ही मांडणी. बिघाड शोधण्याच्या धंद्यात असलेल्या कुणालाही ठाऊक असते की एकवचनी कारण शोधायला निघालेल्या माणसाला ते सापडतेच, कारण तो पहिले पटण्याजोगे कारण भेटले की थांबतो.

प्रथम अहवालाच्या गुणांविषयी. विषाणू कुठला आणि केव्हाचा, या दोन प्रश्नांची उत्तरे त्याने पक्की दिली आहेत. पार्करबाईंच्या शरीरातला विषाणू 'आबिद' नावाच्या वाणाचा होता. ज्या तीन वर्षांच्या पाकिस्तानी मुलापासून तो मिळाला होता, त्याचे हे नाव. कराची-लाहोरकडच्या कुठल्या घरात कुणी हौसेने ठेवलेले बाळाचे नाव, आणि ते एका विषाणूला चिकटून इंग्लंडच्या संसदेच्या दप्तरात गेले. हाच वाण २४ आणि २५ जुलै १९७८ रोजी बेडसन यांच्या प्रयोगशाळेत हाताळला जात होता. जुलैच्या २५ तारखेपासून ऑगस्टच्या ११ तारखेपर्यंत सतरा दिवस होतात. देवीची लागण झाल्यापासून ताप येईपर्यंत सामान्यतः दहा ते चौदा दिवस जातात, पण सातपासून एकोणीसपर्यंतही जाऊ शकतात. तेव्हा ही तारीख बसते, जरा कडेला बसते, पण बसते. प्रयोगशाळेच्या कारभाराविषयीही अहवाल स्पष्ट बोलतो. काम कमी होत आहे असे जागतिक आरोग्य संघटनेला १९७७मध्ये कळवले गेले होते, प्रत्यक्षात बंद होण्याआधी संशोधन पुरे करण्याच्या घाईत ते वाढले होते. सुरक्षा-पेटीबाहेरही विषाणू हाताळला जात होता. धोकादायक जंतूंवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी सल्लागार मंडळाने या प्रयोगशाळेला पसंती दिलेली होती. हे सगळे नोंदवायला धैर्य लागते, आणि ते शूटर समितीने दाखवले.

अहवाल घसरतो तो तिसऱ्या प्रश्नावर, म्हणजे विषाणू खालून वर पोचला कसा. समितीने तीन शक्यता मांडल्या: हवेच्या झोतातून, माणसाच्या संपर्कातून, किंवा दूषित उपकरण वा वस्तूच्या स्पर्शातून. कल मात्र पहिलीकडे दिला. प्रयोगशाळेतून वर जाणारी एक वाहिनी, जिला इथे डक्ट म्हणतात, वरच्या टेलिफोनच्या खोलीकडे जात होती. पार्करबाई त्या दिवसांत साहित्य मागवण्यासाठी तिथून वारंवार फोन करीत. तेव्हा विषाणू हवेबरोबर वाहिनीतून वर गेला असावा, असे हे चित्र. वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे ते लगेच उभे राहते: खाली विषाणू, वर बाई, मध्ये नळी. वर्तमानपत्रांनी ते उचलले आणि लोकांच्या लक्षात आजवर तेवढेच राहिले आहे.

आता या नळीकडे माझ्या जुन्या विषयाच्या चष्म्यातून पाहू. हवा एका जागेतून दुसरीकडे गेली का, या प्रश्नाचे खरे तर तीन प्रश्न होतात. पहिला, वाट आहे का? दुसरा, त्या वाटेने किती मात्रा जाईल? तिसरा, त्या विशिष्ट वेळी ती गेली का? इमारतीतल्या हवेचा प्रवाह उघड्या खिडकीवर, लावलेल्या दारावर, बाहेरच्या वाऱ्यावर आणि आतल्या-बाहेरच्या तापमानातल्या फरकावर ठरतो. एखाद्या दिवशी धूर सोडून तो वर दिसला, तर वाट आहे एवढेच सिद्ध होते. जुलैच्या त्या मंगळवारी कुठली दारे उघडी होती हे नंतर कुठल्याही प्रयोगाने कळणार नाही. मात्रेचा प्रश्न तर त्याहून अवघड, कारण हवेत मिसळताना कण पातळ होत जातात आणि वाटेत भिंतींना चिकटतात. शूटर अहवाल पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतो आणि वाचकाला तिसऱ्याचे उत्तर मिळाल्यासारखे वाटते.

न्यायालयात नेमके हेच उघडे पडले. कामाच्या ठिकाणच्या सुरक्षिततेच्या कायद्याखाली विद्यापीठावर भरलेला खटला १९७९च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बर्मिंगहॅमच्या मॅजिस्ट्रेट कोर्टात चालला. तिथे मात्रेचा हिशेब मांडला गेला. विषाणूच्या द्रवाची जी हाताळणी तिथे होत होती तिच्या वेगाने टेलिफोनच्या खोलीपर्यंत एक कण पोचायला वीस हजार वर्षे लागतील, असा तो हिशेब होता. विद्यापीठ निर्दोष ठरले. माझ्यासारख्याला हा आकडा ऐकून आनंद व्हायला हवा, पण मला तो पुरता पचत नाही. अशा हिशेबात 'सर्व काही नेहमीप्रमाणे चालले होते' हे गृहीत असते. अपघात म्हणजे नेमके नेहमीप्रमाणे न झालेले काम. एक बाटली सांडली, एक नळी फुटली, कुणी झाकण विसरले, तर वीस हजार वर्षांचा हिशेब एका दुपारी संपतो. तरीही दोष सिद्ध करण्याची जबाबदारी फिर्यादी पक्षावर असते, आणि 'वाट होती' एवढ्यावर ती पुरी होत नाही. न्यायालयाने त्याच्यापुढे ठेवलेल्या प्रश्नाचे योग्य उत्तर दिले. पुढे १९८१मध्ये कामगार संघटनेच्या दाव्यावरून पार्करबाईंच्या पतीला २५,००० पौंडांची भरपाई मिळाली. म्हणजे वाट सिद्ध झाली नाही, तरी घर कुणाचे होते हे सगळ्यांना ठाऊक होते.

वाट का सापडली नाही, याचे एक साधे कारण आहे आणि अहवाल वाचताना ते सतत बोचत राहते. साखळीची दोन्ही टोके हरवली होती. त्या दोन दिवसांत प्रयोगशाळेत नक्की काय घडले हे सांगू शकणारे मुख्य साक्षीदार बेडसन; ते चौकशीपूर्वीच गेले. जुलैअखेरीस आपण कुठे कुठे गेलो, कुणाशी बोललो, कशाला हात लावला हे सांगू शकणाऱ्या पार्करबाई. रोगनिदान झाले तेव्हा त्या गंभीर आजारी होत्या आणि अठरा दिवसांत गेल्या. उरली ती इमारत. इमारतीला बोलते करायचे म्हटले की ती आपल्या नळ्या दाखवणार. माणसांकडून उत्तर मिळेना म्हणून भिंतींना विचारले गेले, आणि भिंतींनी जे सांगितले ते अहवालाचे मध्यवर्ती चित्र बनले. आमच्या धंद्यातही असेच होते. ज्या भागाच्या नोंदी शिल्लक असतात त्याच भागात सगळे दोष शोधत बसतात.

आता दुसरे पुस्तक. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ मार्क पॅलन यांनी २०१८मध्ये, म्हणजे घटनेला चाळीस वर्षे झाली तेव्हा, देवीच्या अखेरच्या दिवसांवर एक पुस्तक प्रसिद्ध केले. उपशीर्षक आहे 'बर्मिंगहॅममधील शोकांतिका'. पॅलन स्वतः या विद्यापीठात प्राध्यापक होते. हयात असलेल्या माणसांच्या आठवणी आणि जुनी कागदपत्रे त्यांनी कष्टाने गोळा केली आहेत. अहवालात जी माणसे पदनामांपुरती उरतात, ती इथे पुन्हा हाडामांसाची होतात. खटल्याची बाजू लोकांपुढे आणण्याचे कामही या पुस्तकाने केले आहे, आणि ते गरजेचे होते, कारण निकालाची बातमी आरोपाच्या बातमीइतकी कधीच पसरत नाही. ज्यांना हा विषय नवा आहे त्यांनी आधी हे पुस्तक वाचावे आणि मग अहवालाकडे वळावे, असे मी सुचवीन.

मला खटकते ते 'शोकांतिका' या शब्दाचे वजन. शोकांतिकेत नियती असते. एका कर्तबगार माणसाच्या हातून काही निसटते, एक निरपराध बाई बळी जाते, दोघेही मरतात आणि पडदा पडतो. प्रेक्षक हळहळत घरी जातात. पुस्तकातले तपशील भरपूर असले, तरी हा साचा वाचकाला दोन घरांच्या दुःखापाशी आणून सोडतो. दुःख खरे आहे, त्याविषयी शंका नाही. पण अहवालाची 'घटना' आणि पुस्तकाची 'शोकांतिका' हे दोन्ही शब्द एक गोष्ट सारखीच झाकतात. त्यांत १९७८ हे वर्ष एकटे उभे राहते. त्याच्या मागे १९६६ आहे.

१९६६मध्ये याच वैद्यकीय शाळेत, याच छायाचित्रण विभागात टोनी मॅक्लेनन नावाचा छायाचित्रकार काम करीत होता. त्याला देवी झाली. प्रकार सौम्य होता, त्यामुळे आठ आठवडे तो कुणाच्या लक्षातच आला नाही. त्याला अलग ठेवले गेले नाही, आणि वेस्ट मिडलंड्समध्ये पुढे किमान बारा जणांना लागण झाली. सुदैवाने कुणी दगावले नाही. खाली देवीची प्रयोगशाळा, वर छायाचित्रकार, आणि छायाचित्रकाराला देवी. आज वाचताना कुणाही शाळकरी मुलाला प्रश्न पडेल. तेव्हाचे प्रयोगशाळाप्रमुख पीटर वाइल्डी यांनी चिंता व्यक्तही केली होती. तरी उगमाची रीतसर चौकशी झाल्याची नोंद नाही. बारा वर्षांनी तोच मजला, तेच काम, तोच रोग, फक्त प्रकार जीवघेणा. म्हणून माझ्या मते या प्रकरणाला लागू पडणारा शब्द तिसराच आहे: पुनरावृत्ती.

असे म्हटले की सगळे वाचन बदलते. घटना एकदा घडली असेल, तर तिच्या वाटेचा शोध घेणे हाच चौकशीचा गाभा ठरतो. ती दोनदा घडली असेल, तर वाट नक्की कोणती हे न कळताही एक गोष्ट कळते: खालचा आणि वरचा मजला एकमेकांपासून वेगळे नाहीत. मग ती नळी असो, जिना असो, हातात दिलेली एखादी वस्तू असो की वर डोकावलेला एखादा सहकारी असो. १९६६मध्ये एवढे जरी मान्य झाले असते, तरी वाट न शोधताही उपाय करता आला असता. छायाचित्रण विभाग दुसऱ्या इमारतीत हलवायचा, नाहीतर वरच्या लोकांनाही खालच्यांप्रमाणे नियमित लस द्यायची. पार्करबाईंना शेवटची लस टोचली गेली होती ती १९६६मध्येच, त्यानंतर नाही. १९७३मध्ये लंडनच्या आरोग्यशास्त्र आणि उष्णकटिबंधीय वैद्यकाच्या नामांकित संस्थेत एका तंत्रज्ञ मुलीला प्रयोगशाळेतून देवीची लागण झाली, ती वाचली, पण तिच्यामुळे दोघे बाहेरचे लोक दगावले. ही दुसरी घंटा होती. १९७८ साल उजाडेपर्यंत घंटा दोनदा वाजून झाली होती.

शूटर समितीला १९६६ ठाऊक नव्हते असे नाही. तिला नेमून दिलेला प्रश्न मात्र १९७८चा होता, आणि तिने आपली शक्ती वाहिनीवर खर्च केली. अहवालाचे हे सर्वांत मोठे न्यून आहे, असे मला वाटते. वाहिनीचा सिद्धान्त न्यायालयात ढासळला तेव्हा त्याच्याबरोबर अहवालातल्या भक्कम भागावरचा लोकांचा विश्वासही ढासळला. वास्तविक विषाणू कुठला आणि केव्हाचा, हे दोन मजबूत निष्कर्ष होते. त्यांच्या डोक्यावर तिसरा कच्चा मजला चढवला गेला आणि तो पडला तेव्हा खालचे दोन्हीही धुळीने माखले.

इथे आपल्याकडची एक गोष्ट आठवते. १९७०च्या दशकात भारतात देवीची शोधमोहीम चालली तेव्हा गावोगावच्या भिंतींवर 'रोगी कळवा आणि बक्षीस मिळवा' अशा अर्थाच्या घोषणा रंगवल्या होत्या. १९७५पर्यंत बक्षीस हजार रुपयांवर गेले होते. माझ्या लहानपणी, रोग जाऊन कितीतरी वर्षे झाल्यावरही, आमच्या तालुक्याच्या रस्त्यावर अशी एक पुसट भिंत उभी होती. त्या मोहिमेचा नियम होता की नवा रोगी सापडला की त्याला रोग कुणाकडून आला हे शोधायचेच, तो सौम्य असो वा गंभीर. भारतातली शेवटची रोगी सैबान बीबी मे १९७५मध्ये आसामातील करीमगंजच्या रेल्वे स्थानकावर सापडली. बेघर, निराधार बाई. तरीही ती सीमेपलीकडून, सिल्हेटहून रोग घेऊन आली होती, इथपर्यंत माग काढला गेला. एका फलाटावरच्या भिकारणीला जो प्रश्न आपल्या आरोग्यसेवकांनी विचारला, तो प्रश्न १९६६मध्ये एका सुसज्ज विद्यापीठाने आपल्याच पगारी नोकराच्या बाबतीत विचारला नाही. यात आपली पाठ थोपटण्याचा हेतू नाही. आपल्या मोहिमेतही बळजबरीने लस टोचण्याचे प्रकार झाले. पण माग काढण्याला पैशापेक्षा सवय लागते, हे यातून दिसते.

इंग्लंड यातून काही शिकले का? याचे उत्तर पाहायचे तर सरे परगण्यातील पिरब्राइट येथे जावे लागेल. ऑगस्ट २००७मध्ये तिथून काही मैलांवरच्या शेतावरील गुरांना लाळ्या-खुरकूत झाली. विषाणूची जनुकीय तपासणी झाली आणि तो १९६७ सालचा, केवळ प्रयोगशाळांत आणि लसनिर्मितीत वापरला जाणारा वाण निघाला. जवळच एकाच आवारात जनावरांच्या रोगांवरची संशोधनसंस्था आणि एक खासगी लसकंपनी होती. दोघांचे सांडपाणी एकाच जुन्या गळक्या नळ्यांतून जात होते. पावसाचा पूर, आवारात चाललेले बांधकाम, चिखल घेऊन बाहेर पडणारी वाहने, अशी संभाव्य वाट चौकशीकर्त्यांनी मांडली. विषाणू या आवारातला हे ठामपणे सांगितले. वाट 'बहुधा' अशी म्हटले. आणि दोन शेजाऱ्यांपैकी नेमका कुणाचा हे ठरवता येत नाही, असे स्पष्ट लिहिले. तिन्ही विधानांना आपापले वजन दिले होते. आरोपी मिळाला नाही म्हणून नळ्या दुरुस्त करायच्या थांबल्या नाहीत. शूटर अहवालात मला जे हवे होते ते इथे आहे.

तंत्रही पुढे गेले. विषाणूच्या जनुकांत जे बारीक बदल होत जातात त्यांवरून आज कोणत्या शेतातून कोणत्या शेतात रोग गेला याचा वंशवृक्ष काढता येतो. मात्र वंशवृक्ष कधी कधी आपला प्रश्नच चुकीचा होता असे दाखवतो. कोविड ब्रिटनमध्ये कुणी आणला, पहिला रोगी कोण, हे विचारणाऱ्यांना २०२१मध्ये 'सायन्स' नियतकालिकात आलेल्या अभ्यासाने उत्तर दिले की पहिल्या लाटेत हा विषाणू हजाराहून अधिक वेगवेगळ्या वेळी देशात शिरला, आणि बहुतांश स्पेन, फ्रान्स, इटलीमधून. एका माणसाकडे बोट दाखवण्याची सोयच राहिली नाही. ज्यांनी त्या दिवसांत बसमध्ये आपल्या तोंडाकडे पाहून जागा बदलली, त्यांनी हा अभ्यास वाचला असेल असे वाटत नाही.

बर्मिंगहॅमनंतर जगभरातील देवीचे साठे भराभर नष्ट करण्यात आले किंवा हलवण्यात आले. १९८४पासून ते अधिकृतपणे दोनच ठिकाणी आहेत, एक अमेरिकेत अटलांटाला आणि दुसरे रशियात. अधिकृतपणे हा शब्द मुद्दाम वापरतो, कारण २०१४मध्ये वॉशिंग्टनजवळच्या बेथेस्डा येथे एका सरकारी शीतगृहात खोक्यात विसरून राहिलेल्या देवीच्या कुप्या सापडल्या. त्या तिथे आहेत हे कुठल्याही यादीत नव्हते.

तेव्हा पुढच्या वेळी कुठल्याही साथीच्या उगमाचा अहवाल हाती आला, मग तो वुहानचा असो वा आपल्या गल्लीतल्या नळाच्या पाण्याचा, तर वाचकांनी तीन गोष्टी पाहाव्यात असे सुचवतो. 'कुठून आले' आणि 'कसे आले' हे प्रश्न वेगळे ठेवले आहेत का? दोन्हींच्या उत्तरांना त्यांच्या पुराव्याइतकेच वजन दिले आहे का? आणि याआधी असे कधी झाले होते का, हे कुणी विचारले आहे का? शूटर अहवाल पहिल्या कसोटीत निम्मा उतरतो, दुसरीत कमी पडतो आणि तिसरीत, हाताशी उत्तर असूनही, ते मधोमध ठेवत नाही. पॅलन यांचे पुस्तक पहिल्या दोन्हींत सरस आहे, तिसरीत वाचकाला स्वतः जोडणी करावी लागते. दोन्ही वाचावीत, आणि वाचताना टोनी मॅक्लेनन हे नाव विसरू नये. तो बरा झाला, म्हणून त्याच्याविषयी कुणी चौकशी केली नाही.